गौरीच्या हातांचे काप

रोह्याला कंपनीत लागलो तेव्हा मला एक खोड जडली. बाजारात ज्या भाजीचं नाव मला ठाऊक नसेल, नेमकी तीच विकत घ्यायची. मी घाटावरचा माणूस. आमच्याकडे मेथी, चाकवत, फार तर तांदुळजा, एवढ्यावर पालेभाज्यांची यादी संपायची. रोह्याच्या बाजारात मात्र पावसाळा लागला की कातकरी वाडीवरच्या बायका टोपल्या घेऊन बसत आणि त्या टोपल्यांतलं निम्मं मला गवत वाटे. कंपनीच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर मालाची शुद्धता तपासायचो. ज्याला रसायनं ओळखता येतात त्याला पाला ओळखता येणार नाही, असं होईल कसं, हे माझं प्रामाणिक मत होतं.

ते मत दोन वर्षं टिकलं, आणि त्या दोन वर्षांत माझे हाल झाले. शेवळं घेतली तेव्हा बाई सोबत काकडाची आंबट फळं देत होती. 'ही कशाला उगाच' म्हणून मी ती परत केली. ती फळं शेवळाची खाज मारतात हे मला कळलं तेव्हा मी ताकाचं भांडं तोंडाला लावून दारात उभा होतो आणि घशाच्या आतून कुणीतरी नखं फिरवत होतं. पुढे बेहड्याच्या बिया फोडल्या. आतला गर बदामासारखा लागला म्हणून मूठभर खाल्ला, आणि त्या तारेत दुपारच्या शिफ्टला जाऊन सुपरवायझरला 'आई' म्हणून हाक मारली. तो मनानं चांगला होता, त्यानं नुसतं 'काय रे बाळ' म्हटलं आणि मला घरी पाठवलं.

माझी बायको पेणची. स्टेशनापासून चालत वीस मिनिटांवर, भातखाचरांच्या कडेला तिचं माहेर. सासरे भात आणि वाल लावणारे शेतकरी. मातीतून काय निघतं आणि ते कधी खायचं यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. एका हिवाळ्यात त्यांनी उकडलेले करांदे माझ्यापुढे ठेवले. मी ते सालीसकट खाल्ले.

"साहेब," ते शांतपणे म्हणाले, "साल आमी म्हशीला घालतो. पन तुमाला आवडत आसल तर ऱ्हावंद्या."

सगळी पडवी हसली. मीही हसलो, आणि मनात ठरवलं की एक दिवस या माणसाला असा कंद खाऊ घालायचा की त्यालाही त्याचं नाव सांगता येऊ नये. हे मी केलंही. त्याचीच ही हकिगत.

त्या वर्षी गौरीच्या वेळी बायकोला सहावा महिना होता. ती गौर यायच्या दिवशी सकाळच्या गाडीनं माहेरी जाणार होती. माझी दुपारपाळी होती, मी दुसऱ्या दिवशी जाणार होतो. आमच्याकडे घाटावर गौर म्हणजे मुखवटे आणि साड्या. इथली गौर झाडांची. तेरडा मुळासकट उपटून आणायचा, कारण ती मुळं म्हणजे तिची पावलं. आणि हातांच्या जागी एका वेलीची फुलं खोचायची. लाल-पिवळ्या पाकळ्या, टोकाकडे वर वळलेल्या, बोटं पसरून कुणीतरी काहीतरी मागावं तशा. त्या फुलांना गौरीचे हातच म्हणतात. मी एकदा मोजली होती, बोटं सहा भरतात.

"अहो, डोंगराकडनं तेरडा आणाल ना?" बायकोनं आदल्या दिवशी सांगितलं. "मुळासकट. आणि गौरीचे हात. आईकडं औंदा मिळायचे नाय, बांध साफ केलेत."

मी शिस्तीचा माणूस. मुळासकट म्हणजे मुळासकट. तेरडा उपटला तसा तो वेलही उपटायला घेतला. इथल्या कुठल्याही बाईनं, अगदी परकरी पोरीनं, ते फूल फक्त खुडलं असतं. वेलाचं मूळ कुणी काढत नाही, आणि का काढत नाही हे कुणी सांगत नाही, कारण ते विचारण्याइतका अडाणी माणूस इथे जन्मलेला नसतो.

पाऊस उघडला होता. उतारावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. काठीनं माती उकरली आणि वेल हलकेच धरला. मी ओढलं नव्हतं, तरी कंद वर आला. आतून कुणीतरी तो पुढे केला आणि सोडून दिला, असं मला वाटलं. पांढरट, गुळगुळीत, आणि कोपरात वाकलेला हात असतो तसा बरोबर वाकलेला. मी दुसरा उकरला. तोही तसाच. पाच-सहा निघाले, ओळीनं ठेवले, आणि क्षणभर माझ्या अंगावर काटा आला. शर्ट ओला आहे म्हणून आला, असा मी निष्कर्ष काढला.

मग डोकं चालवलं. वेल आहे, खाली कंद आहे, म्हणजे करांद्याचं भावंड. शिवाय देवीच्या पूजेतलं. देवीला वाहतात ते विषारी कसं असेल? शंकराला धोतरा वाहतात हे मी तिसरीत शिकलो होतो. तेव्हा ते मला आठवलं नाही.

सकाळी लवकर उठून मी कंद सोलले, चकत्या केल्या, उकडून पाणी टाकलं. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावून तांदळाच्या पिठात घोळवले आणि तव्यावर परतले. वास मोठा छान सुटला. चहाबरोबर उभ्या उभ्या मी चार काप खाल्ले. थोडे कडवट, आणि शेवटी जिभेच्या टोकाला मुंग्या. रानातली चव आहे, म्हटलं.

"कसले आहेत?" बायकोनं विचारलं.

"करांद्याचाच प्रकार. बाजारात बसते त्या वाडीवरच्या आजीनं दिले."

आजीनं काही दिलं नव्हतं. पण उतारावरून आणले म्हटलं असतं तर तिनं डबा घेतला नसता. उरलेले सगळे काप मी डब्यात भरले. "तुझ्या बाबांना दे, आणि तूही खा. या दिवसांत अंगी लागतं." फुलं मी वेगळी कागदात गुंडाळून दिली होती. कंद आणि फूल एकाच वेलाचे आहेत हे तिला कळायचं काही कारणच मी ठेवलं नव्हतं. ती गाडीत बसली. गाडी सुटताना तिच्या मांडीवरच्या कागदातून दोन फुलं बाहेर आली होती, आणि मला उगाच वाटलं की ती निरोप देतायत.

साडेदहाला मी बाजारात गेलो. एक कंद मुद्दाम मागे ठेवला होता, वेलाच्या शेंड्यासकट. वाडीवरची आजी नेहमीच्या जागी बसली होती. मी तो तिच्या टोपलीवर ठेवला आणि म्हटलं, "आजी, सांग बघू काय आहे? तुलाही ठाऊक नसेल."

तिनं त्याला हात लावला नाही. टोपली आपल्याकडे ओढून घेतली, तो कंद खाली पडला.

"खड्यानाग हाय," ती म्हणाली. "कळलावी. कुठं घावला?"

"खाल्ला," मी म्हणालो. अजून हसत होतो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, तिथे काही लिहिलं असावं तसं.

"किती?"

"चार काप. उकडून, पाणी टाकून."

"कवा?"

"आठला."

"मंग आजून काय व्हनार नाय," ती म्हणाली, आणि या वाक्यानं मला जे वाटलं ते मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही. "आमच्या वाडीतल्या एकीनं खाल्ला व्हता. नवऱ्याव रागावून. दुपारपर्यंत लई चांगली व्हती. भाकऱ्या थापल्या, पोरांना जेवाय घातलं, माझ्याशी बसून बोलली, हसली पन. तिला ठावं व्हतं, आमाला नाय." मग तिनं विचारलं, "बायको कुठं हाय तुजी? पोटुशी ना ती?"

मी सांगितलं. डब्याचंही सांगितलं.

"गरवारीला तर मुळीच नाय चालत. कळा लावतो त्यो. सुईनी पोटाव लेप द्याया पन भेत्यात." तिनं लोट्यातलं पाणी हातावर ओतलं आणि हात धुतले, कंदाला शिवली नव्हती तरी. "हतं बसून काय करतस? जा."

पेणला सासऱ्यांच्या शेजारच्या दुकानात फोन होता. बूथवरून तो लावला. वाजत राहिला. गौरीचा दिवस, दुकान बंद. बाजारामागच्या नळावर घशात बोटं घालून पाहिली, नुसता चहा निघाला. दवाखाना समोर होता. पण दवाखान्यात निजलो असतो तर पेणला कोण सांगणार? मला शूर वाटत नव्हतं. फक्त इतकं कळत होतं की त्या घरात गौर आत आल्याशिवाय कुणी जेवत नाही, आणि हेही कळत होतं की पोटुशीला कुणी उपाशी ठेवत नाही. साडेअकराची गाडी होती, ती धरली.

सगळ्यात विचित्र गोष्ट ही की मला काही होत नव्हतं. भूक लागली होती. बाहेर भात पोटरीला आला होता, बगळे होते, ऊन पडलं होतं. इतकं स्वच्छ मला एरवी दिसत नाही. मी माझ्या पोटावर हात ठेवून बसलो होतो, आत कुणीतरी जागं व्हायची वाट पाहत. भाकऱ्या थापणारी ती बाई मला दिसत होती. सगळं ठाऊक असताना ती पोरांना वाढत होती.

नागोठण्याला एक म्हातारा आणि त्याची बायको चढली, माझ्यासमोर बसली. बाईच्या मांडीवर सुपात गौर होती, नव्या कापडात बांधलेली. कापडातून ते हात वर आलेले. चार फुलं, चोवीस बोटं.

"मावशी," मी म्हणालो, "हे मुळासकट आणलेत का हो?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

"म्हणजे मूळ कुणी खात नाही ना तुमच्याकडे?"

ती पाहतच राहिली. डोळे हलत नव्हते, ओठ मिटलेले.

"ती बोलायची नाय," म्हातारा म्हणाला. "आमच्यात गौर मुक्यानं न्यायची. घर येयस्तवर."

"बरं."

"पन तुमी आसं का इचारता?"

मी काहीतरी पुटपुटलो. बाईनं माझ्यावरची नजर काढली नाही. मग हळूच सूप माझ्यापासून थोडं लांब सरकवलं.

कासूला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. समोरून दुसरी गाडी यायची होती. खिडकीखाली, रुळांच्या कडेला, तोच वेल होता. एकात एक गुंतलेला, फलाटाच्या टोकापर्यंत गेलेला. वारा नव्हता तरी फुलं हलत होती, की माझंच डोकं हलत होतं ते मला समजलं नाही. तेव्हाच घशात सुरुवात झाली. आधी कोरड, मग विस्तव. पोटात एक पीळ पडला, सुटला, पुन्हा पडला. मी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून वीस. आजीनं सांगितलेला वेळ येत होता, आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब होता की बायकोनं तिकडे दहाला खाल्लं असेल तर तिचा वेळ अजून यायचाय.

"भाऊ, तुमचा रंग बरा नाय," म्हातारा म्हणाला. बाईनं पदराआडून पाण्याचा तांब्या पुढे केला. तेव्हाही ती बोलली नाही.

पेणला उतरलो. रिक्षावाल्याला मी पत्ता सांगितला की नुसतं 'जेवले का' विचारलं, आठवत नाही. घराशी पोचलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली होती आणि तेरड्याची गौर, माझ्याच फुलांचे हात लावलेली, एका लहान मुलीच्या कडेवर होती. बायको दाराशी ताट घेऊन उभी होती. उभी होती, म्हणजे अजून चांगली होती. आजीच्या शब्दांनंतर चांगलं दिसण्याला काही अर्थ उरला नव्हता.

"डबा," मी म्हणालो. "डबा कुठाय?"

सासरे पडवीतून म्हणाले, "याला म्हनतात जावई. गौर दारात, आनि ह्यांना डबा."

"टाकला," बायको म्हणाली.

"कुठे?"

"कासूला. खिडकीतनं." ती जरा ओशाळली. "तुमचं काय पण टाकतेच मी, अहो. बाबांना पोटाचा त्रास नको म्हणून. डबा रिकामा आणते परत."

"दोन वरसं टाकत्ये," सासू म्हणाली. "कासूची कुत्री चांगली मातलीत."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. इतकं सुख मला उभ्या जन्मात झालं नव्हतं. मी हसत हसत उंबऱ्यावर वाकलो आणि कुंकवाच्या पावलांवर पोटातलं सगळं ओकलो. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सासऱ्यांचा खांदा, बैलगाडी की टेम्पो, एक पांढरी भिंत, आणि एक नर्स, जी मला दर वेळी 'आता काय राहिलंय आत?' म्हणून विचारायची.

सहा दिवस मी पेणच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी माझी हकिगत मोठ्या घाईनं लिहून घेतली, मला बोलता येतंय तोवर. तिसऱ्या दिवसापासून सलाईन अंगात मुरलं, जीव वाचणार असं कळलं, आणि माझ्या जिभेला पूर्ववत सैल सोडण्यात आलं. शेजारच्या खाटेवर मिठागरावर काम करणारा एक म्हातारा होता. त्याला मी सासऱ्यांची नक्कल करून दाखवायचो. वॉर्ड हसायचा. पलीकडच्या खोलीतले लोक दाराशी येऊन उभे राहायचे.

बायको रोज पेज घेऊन यायची आणि खाटेच्या पायथ्याशी बसायची. ती हसायची नाही. रागावली आहे, म्हटलं. रागावण्यासारखं होतंच.

रोह्याला परतल्यावर साधारण दोन आठवड्यांनी, एका सकाळी, मी आरशापुढे भांग पाडत होतो. कंगवा मागे गेला आणि केस त्याच्याबरोबर गेले. दुखलं नाही. पुन्हा फिरवला, पुन्हा गेले. भिजलेल्या मातीतून गवत यावं तसे. आठ दिवसांत माझ्या डोक्याची हंडी झाली. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या मुळाचं असं होतं, येतील परत. कंपनीत मला नवं नाव पडलं, ते मी इथे लिहीत नाही.

मी या गोष्टीचाही किस्सा करायला घेतला होता. एका सकाळी सुई-दोरा हवा होता म्हणून बायकोची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी, जुन्या चोळीत गुंडाळलेलं काहीतरी मऊ लागलं. उलगडलं. लांब, काळ्या केसांचं बुचकं होतं. बायका कंगव्यातले केस गुंडाळून ठेवतात, ते चार असतात, दहा असतात. हे माझ्या दोन मुठींत मावत नव्हते.

मी ते हातात घेऊन बसलो. ती चुलीपाशी होती. डोक्यावर पदर होता. मला एकदम आठवलं की गेले आठ दिवस तिच्या डोक्यावरून पदर उतरलेला मी पाहिला नव्हता.

ती आली, माझ्या हातात पाहिलं, आणि समोर बसली.

"टाकला म्हणालीस," मी म्हणालो.

"टाकला. दोन काप खाऊन टाकला." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "एवढ्या सकाळी उठून केलेत, म्हटलं एकदा तरी खावं. कडू लागलं. मग बाकीचं टाकलं."

"काही झालं नाही ना तुला? त्या दिवशी?"

"झालं की. तुम्हाला घेऊन सगळे गेले, आणि मी परसात गेले. तिन्हीसांजेपर्यंत ओकत होते. आईला वाटलं तुमच्या काळजीनं." तिनं पदर पुढे ओढला. "ते एवढं नाय. पोटात हलायचं थांबलं. दीड दिवस. मी तुमच्या खाटेशी बसायची ना, हात इथं ठेवून, तेव्हा मोजत बसायची की आता हललं का."

"डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. तुमची नाडी लागत नव्हती तेव्हा. आणि कुणी म्हटलं असतं की गेलंय, तर?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तिसऱ्या दिवसापासून तुम्ही त्या म्हाताऱ्याला बाबांची नक्कल करून दाखवत होतात. सगळे हसत होते. मला कुणाचंच ऐकू येत नव्हतं."

मुलगी पौषात झाली, पेणलाच, धडधाकट आणि रडकी. पण हे त्या सकाळी मला ठाऊक नव्हतं. त्या सकाळी मी फक्त विचारलं, "आज हललं का?"

"पहाटेपासून नाय."

तिनं पदर मागे टाकला. मी तिच्या शेजारी सरकलो, तिनं माझा हात घेऊन पोटावर ठेवला, आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. चुलीवरचं आधण उकळून आटत आलं होतं. ते उतरवायला कुणी उठलं नाही.